आडव्या ओळी

आमच्या यायले, माह्या नवऱ्याले, लकवा मारला तेव्हापासून घरात त्याईचा आवाज नाही. डॉक्टर म्हने, समजते का नाही समजत, सांगता येत नाही. मी कोनापाशी बोलली नाही, पण मले भेव वाटे का खाटेवर नुसतं शरीर हाय, माणूस कवाचाच गेला.

त्याईचे दोस्त गयासभाई राजापेठेत घड्याळं दुरुस्त करत. रोज सकाळी पेपर घेऊन येत. पहिल्या पानावर कोनत्या ना कोनत्या गावची आत्महत्या छापेल राहे. थे पान दोघंई उलटून टाकत अन् शब्दकोडं काढत. आडवे शब्द आमच्या यायचे, उभे गयासभाईचे. एकानं दुसऱ्याच्या ओळीत पेन लावला का झाला अबोला. बुढे झाले, पण अक्कल काही आली नाही. लकव्यानंतरई गयासभाई आडवा प्रश्न मोठ्यानं वाचत, खाटेकडे पाहत, अन् ओळ कोरी सोडत.

एक दिवस म्हने, "भाबी, माहा सरफराज मले अकोल्याले नेऊन राहिला. पोट्ट्यानं घर बांधलं, नाही कसं म्हनू? आता आडवे तुमीच भरा." अन् पेन माह्या हाती देला.

मले असा राग आला! म्हंजे गयासभाईनंई हात टेकले. मी म्हनलं, "वाचा."

"वाटाण्याच्या टिंबटिंब लावणे. वाक्प्रचार हाय, तीन अक्षरी."

"उसळ," मी म्हनलं, अन् लिहूनई टाकलं.

"अवं भाबी! उसळ लावतेत का कोनी? अक्षता हाय थे!"

"माह्या घरी वाटाण्याची उसळच होते. ज्याले पटत नसन त्यानं उठून खोडावं!"

तेवढ्यात खाटेवरून डावा हात आला. त्यानं पेपर धरला अन् असा ओढला का टर्रकन फाटला. तोंड वाकडं, लाळ गळून राहिली, चेहरा लालबुंद. गयासभाई उठून उभे झाले. अन् घोगरा, पण साफ आवाज आला.

"ग... गधी!"

गयासभाईनं जीभ चावली, खाली पाहाले लागले. एरवी मले कोनी गधी म्हनलं असतं तं हातातला गिलास फेकून मारला असता. मी खाटेवर बसली, पदरानं त्याईचं तोंड पुसलं, अन् रडत रडत म्हनलं, "अजून एक डाव म्हना."