पहिले पाणी

मी एक जुने लोखंडी चाक आहे. धरणाच्या भिंतीवर माझी जागा आहे. मला एका बाजूला फिरवले की खाली पाण्यातले दार बंद होते, दुसऱ्या बाजूला फिरवले की उघडते. काम एवढेच, पण मित्रांनो, शहरातल्या नळांना येणारे पाणी आधी त्या दारापाशी अडवावे लागते.

भट्टीतून निघून मी इथे आले, तेव्हापासून ते दार सांभाळणाऱ्या दारवाल्याच्या हाती होते. त्याच्या तळहातांना माझ्यामुळे घट्टे पडले आणि त्याच्या तळहातांनी मला झिलई आणली. ग्रीस लावताना तो माझ्याशी गप्पा मारायचा. डबा घेऊन आलेली त्याची मुलगी म्हणायची, "बाबा, आईशी कधी एवढं बोलता का?"

"हे चाक उलट उत्तर देत नाही," तो म्हणायचा.

त्याची एक रीत होती. पावसाळ्याचे पहिले पाणी गाळाने गढूळ असते, म्हणून तो ते उघड्या दारातून जाऊ द्यायचा. पुढे नदी संथ व्हायची, निवळायची. मग तो दार लावून नितळ पाणी साठवायचा. लोक पाण्याची वाखाणणी करत.

पण पाऊस बदलला. सगळा एकदम कोसळू लागला आणि मग पाठ फिरवू लागला. एका वर्षी दारवाला नितळ पाण्याची वाट पाहत राहिला. ते आलेच नाही. उन्हाळ्यात तलावाचा तळ भेगाळला, नळ कोरडे पडले. कोणी त्याला बोल लावला नाही, तरी त्याने बाजारात जाणे सोडले. मला गंज चढला, तिकडेही त्याचे लक्ष नव्हते.

पुढच्या पावसात नदी पुन्हा गढूळ होऊन धावत आली. मुलगी भिजतच वर आली.

"बाबा, दार लावूया."

"गाळ बसेल गं तळाशी. तलाव उथळ होईल."

"गाळ उन्हाळ्यात उपसू. पाणी कुठून उपसणार?"

"आणि मागून चांगलं पाणी आलं तर?"

"तर वर्षभर मला टोमणे मारा. ऐकून घेईन."

त्याने एका बाजूने मला धरले. मग म्हणाला, "धर तिकडून."

दोघांनी मला फिरवले. मागून पाणी आले नाही. पण शहराचा उन्हाळा निभावला. कडेचा तळ उघडा पडल्यावर गाळ उपसायला तो स्वतः उतरला. धाप लागली की काठावर बसायचा, मुलगी ओरडली की हसायचा.

दारवाला आता नाही. यंदा पहिले पाणी आले तेव्हा मुलगी माझ्यापाशी आली. मला धरून ती थांबली, समोरच्या रिकाम्या बाजूकडे पाहत. मग एकटीनेच जोर लावला. मी जमेल तितके हलके फिरले.

मित्रांनो, आता नदी दुसऱ्यांदा येईल याचा भरवसा नाही. तलावात गाळ साचतो आहे आणि उपसणारे हात थोडे आहेत. उन्हाळ्यात टोपली घेऊन या. तुम्ही जेवढा गाळ उचलाल, तेवढीच पाण्याला जागा होईल.