काठाबाहेर गेलेली अर्धी गोळी

मी एक जुनी खिडकी आहे. मला गज नाहीत, तावदानं नाहीत, माझ्यातून वारा येत नाही आणि शेजारच्या फोडणीचा वासही येत नाही. मित्रांनो, संगणकावर मजकूर लिहायला जी पांढरी चौकट उघडते ना, ती मी. बिबवेवाडीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, सुहासिनीबाईंच्या संगणकात मी अकरा वर्षं राहते आहे.

मला घडवणाऱ्याचं नाव मला माहीत नाही. पण त्याने मला एक चांगला गुण दिला होता. अक्षर मोठं केलं, की मीही तेवढीच रुंद व्हायचं. म्हणजे ओळीत आधी जेवढं दिसत होतं, तेवढं पुढेही दिसेल. फक्त हा गुण त्याने एका बारीक चौकोनामागे ठेवला. त्या चौकोनात खूण केली तरच तो जागा होणार. ती खूण कोणी केलीच नाही. चांगल्या साड्या जशा कपाटात राहतात, तसा माझा गुण राहिला.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. बाईंनी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या सोसायटीच्या सूचना माझ्यात लिहीत. ‘जिना चढण्यासाठी आहे. चपलांसाठी नाही. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं.’ सूचना वाचून लोक हसत, आणि चपला तिथेच काढत. तरी ‘बाईंचं काम कसं स्वच्छ असतं’ असं म्हणत, तेव्हा मलाही बरं वाटे.

बाईंनी मला अर्ध्या पडद्याएवढीच ठेवलं होतं. उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या शेवटच्या वर्गाचा, चौथी ब चा फोटो होता. बेचाळीस मुलं, तीन रांगा. तो झाकलेला त्यांना चालत नसे. पडद्यावरच्या कॅमेऱ्याला मात्र त्यांनी टिकली चिकटवली होती, कारण त्यातून कोणीतरी बघतं असं त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. त्यामुळे मला घरातलं दिसत नाही. फक्त ऐकू येतं. आणि मित्रांनो, नुसतं ऐकू येणं फार भीतीचं असतं.

दोन वर्षांपूर्वी अनंतरावांच्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या, हृदयाचं दुखणं निघालं. सूचना थांबल्या आणि माझ्यात औषधांची यादी आली. एका औषधाला एक ओळ, हा बाईंचा नियम. ओळ लांबली की मी ती आपोआप खाली घ्यायची. ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

“ओळ मोडायची नाही, हे मी पहिलीच्या पोरांना शिकवलं,” त्या मला म्हणाल्या. “तुलाही शिकवते.”

शोधून शोधून त्यांनी माझी ती सवय बंद केली. तेव्हापासून माझी ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ जाते. दिसो वा न दिसो.

रोज संध्याकाळी सातच्या बातम्या संपल्या की हजेरी व्हायची. बाई यादी वाचायच्या आणि अनंतराव एकेक गोळी तळहातावर घेऊन उत्तर द्यायचे.

“रक्तदाबाची पांढरी?”

“हजर.”

“साखरेची लांबट?”

“हजर, बाई.”

“रक्त पातळ ठेवणारी, एक?”

“हजर. पण दंगा करतेय, कोपऱ्यात उभी करा.”

ही शेवटची गोळी कमी झाली तरी धोका आणि जास्त झाली तरी धोका. गेल्या महिन्यात रक्त तपासून डॉक्टरांनी ती जरा कमी केली. बाईंनी त्या ओळीच्या शेवटी लिहिलं, ‘शनिवार रविवार अर्धी’. आणि म्हणाल्या, “लिहिलंय. आता डोक्यात ठेवायला नको.”

बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. कुठली दिवाळी, ते ठरलं नव्हतं. अवनीने, त्यांच्या पुतणीने, वाघोलीहून फोनवर अक्षर मोठं करायची युक्ती सांगितली. दोन बटणं एकदम दाबायची. बाईंनी दाबली.

“अगं बाई, काय छान दिसतंय!”

अक्षरं फुगली. मी होते तेवढीच राहिले. ‘अर्धी’ हा शब्द माझ्या उजव्या काठाला टेकला. चार दिवसांनी बाईंनी पुन्हा बटणं दाबली, आणि तो काठाबाहेर गेला. मागोमाग ‘रविवार’ गेला. मग ‘शनिवार’. माझ्या तळाशी एक बारीक करडी पट्टी उमटली. उजवीकडे अजून काही आहे, एवढंच सांगायला ती असते. ज्यांना अक्षर दिसत नाही, त्यांना ती पट्टी काय दिसणार?

पहिल्या शनिवारी मी वाट पाहिली. बाईंना आठवेल, असं वाटलं.

“रक्त पातळ ठेवणारी, एक?”

“एक हजर.”

पाण्याचा घोट ऐकू आला. शब्द माझ्याजवळ होता, नीट होता, एक मात्राही हलली नव्हती. पण दाखवता येत नव्हता. रविवारीही एकच. पुढच्या शनिवारीही. मी घोट मोजू लागले. बुधवारी अनंतराव बाहेरून म्हणाले, “आज ब्रश लाल झाला गं.”

“जोरात घासता. दात आहेत ते, पातेलं नाही.”

शुक्रवारी त्यांच्या दंडावर निळा डाग निघाल्याचं ऐकलं. “दाराची कडी लागली असेल,” बाई म्हणाल्या. कडी लागली नव्हती. तसा आवाज मी ऐकला असता. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. आम्हा खिडक्यांना फक्त उघडं राहता येतं.

तिसऱ्या शनिवारी अवनी आली. सोमवारी डॉक्टरांना दाखवायला यादीची छापील प्रत हवी होती. हजेरी सुरू झाली, आणि तिने बाजूला छपाईचं यंत्र लावलं. कागदाला माझे काठ ठाऊक नसतात. तो सगळी ओळ घेतो.

“रक्त पातळ ठेवणारी, एक?”

“एक हज—”

“काकू, आज शनिवार ना?” अवनी कागद वाचत म्हणाली. “मग अर्धी.”

“अर्धी कुठली? अजिबात लिहिलेलं नाही तसं.”

“हे काय. तूच लिहिलंयस.”

मग बाईंचा आवाज आला. सगळी शाळा जागच्या जागी थांबेल असा.

“अहो, थांबा! तोंडात घालू नका!”

पेला पडला. गोळी फरशीवर टणटणत गेली. अवनी डॉक्टरांशी फोनवर बोलली. “लगेच घेऊन या म्हणतात.” चपला, किल्ल्या, लिफ्टचं दार. मग कुलूप.

दोन दिवस घरात कोणी आलं नाही. मी उघडीच होते. यादी जशीच्या तशी, आणि विचारायला कोणी नाही. एवढ्या ओळी मी जपल्या, पण ते दोन दिवस मला कोणी एक अक्षरही दिलं नाही.

सोमवारी दुपारी कुलूप वाजलं. मी पावलं मोजली. दोघी बायका. आणि मागे, चप्पल घासत, तिसरं पाऊल.

“रक्त फार पातळ झालं होतं,” अवनी म्हणाली. “अजून एक आठवडा गेला असता तर...”

“पुरे,” बाई म्हणाल्या. त्या माझ्यासमोर बसल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. “मी फक्त माझ्या डोळ्यांपुरतं मोठं केलं गं. कडेला काय गेलं ते बघितलंच नाही.”

अवनीने माझ्या कप्प्यांत शोधाशोध केली. “हे बघ, ऑफ आहे. ‘अक्षराबरोबर खिडकी वाढवा’. इतकी वर्षं इथेच होतं! पण काकू, फोटो झाकला जाईल.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग पडद्याला म्हणाल्या, “बसा रे पोरांनो, जरा मागे बसा.”

खूण झाली. बाईंनी बटणं दाबली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी रुंद झाले. मुलांची एक रांग झाकली गेली, मग दुसरी. ‘शनिवार रविवार अर्धी’ आत आलं.

पण माझी भीती पुरती गेलेली नाही. पडद्यालाही काठ आहे. बाईंनी अजून दोनदा अक्षर वाढवलं, की मी त्याला टेकेन. त्यापुढे मला जागा नाही. म्हणून अवनीने मोतीबिंदूची तारीख घेतली आहे. दिवाळीच्या आधीची.

मित्रांनो, घरातल्या कोणी अक्षर मोठं करायला सांगितलं, तर जरूर करून द्या. पण तेवढ्यावर उठू नका. शेजारी बसा आणि ओळ शेवटपर्यंत वाचून घ्या. आमच्यासारख्या वस्तू ओरडत नाहीत.

काल शनिवार होता. सातच्या बातम्या संपल्या.

“रक्त पातळ ठेवणारी, शनिवार रविवार अर्धी?”

उत्तर लगेच आलं नाही. मी काठापर्यंत ताणलेली, ऐकत राहिले.

“अहो?”

“अर्धी हजर आहे, बाई,” अनंतराव म्हणाले. “सुरीने कापत होतो.”