नव्याकोऱ्या पुस्तकांचे कपाट

मी एक जुने लोखंडी कपाट आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीला टेकून बावीस वर्षे उभे आहे. बस म्हणून कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी मला बसता आले नसते. रंग करडा, उंची साडेसहा फूट, स्वभाव चिडका. पहिल्यापासून मी असे नव्हते, मित्रांनो. कसे झाले तेच सांगते.

कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, रंग भाजून मला तयार केले. डावे दार बसवताना कारागिराचे लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे होते. त्यामुळे ते जन्मापासून अडते. आधी एक थाप मारायची आणि मग जोरात ओढायचे, तरच उघडते. ही खोड लक्षात ठेवा.

शाळेत आले तेव्हा माझी केवढी स्वप्ने होती! मुले येतील, पुस्तके नेतील, परत आणतील. प्रत्यक्षात माझ्या पोटात गेले जुने हजेरीपट, खडूंची खोकी, फुटका पृथ्वीगोल, कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा आणि एक चषक, जो शाळेने कशात जिंकला हे आता कोणालाच आठवत नाही. किल्ली मोठ्या सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खिशात. माणूस वाईट नाही हो. शाळेची प्रत्येक वस्तू जिवापाड जपतात. तेच तर दुखणे आहे.

तीन वर्षांपूर्वी चाळीस पुस्तके आली. आमच्या शाळेतली निम्मी मुले डोंगरावरच्या आदिवासी वस्तीतली आहेत. त्यांची घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी. म्हणून कोणा शहाण्याने त्यांच्याच भाषेतली, पण शाळेत शिकवतात त्याच अक्षरांतली चित्रांची पुस्तके छापून पाठवली होती. आनंदाने माझ्या बिजागऱ्या करकरल्या. मोठ्या सरांनी दोन-चार पाने उलटली आणि म्हणाले, "फार सुंदर आहेत. मुलांच्या हातात दिली तर आठ दिवसांत चिंध्या करतील." झाले! पुस्तके वरच्या कप्प्यात आणि मला कुलूप.

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येत. एखादे पुस्तक हातात घेऊन म्हणत, "वा! अगदी नवीकोरी ठेवलीत." सर लाजून हसत. पुस्तके कोणी उघडली नाहीत म्हणून शाबासकी! मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतला असता.

आणि याच तीन वर्षांत, माझ्यामागच्या भिंतीपलीकडे, पहिलीच्या वर्गात एक मुलगी बसत होती. तिला सगळे 'मुकी' म्हणत. वर्गात घरची भाषा तोंडातून निघाली की बाकावर उभे करत, म्हणून तिने तोंडच मिटून घेतले होते. मला मात्र खिडकीतून मैदानावरचा नळ दिसतो. मधल्या सुट्टीत तिथे ती वस्तीतल्या मुलींशी अशी बडबडायची की बाकीच्यांना मध्ये शिरायला फट मिळत नसे. तिला अक्षरे सगळी येत होती. पण अक्षराला अक्षर जोडून जो शब्द व्हायचा, तो तिच्या ओळखीचा नसायचा. मग काय वाचणार आणि कशाला?

मोठ्यांपैकी तिची भाषा कळणारा एकच माणूस शाळेत होता, शिपाईमामा. मला पुसताना खोलीत कोणी नसले की तो त्याच भाषेत माझ्याशी बोलायचा. लहानपणी याच शाळेत त्या भाषेपायी त्याने छड्या खाल्ल्या होत्या. नोकरी लागल्यापासून त्याने ती भाषा कोणाच्या कानावर पडू दिली नाही. तो कुठल्या वस्तीतला, हे त्याला कोणी विचारलेही नाही. मला सांगितले, कारण कपाटातली गोष्ट बाहेर जात नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी मोठ्या सरांनी मुकीच्या आईला बोलावले. आई दारातच उभी राहिली आणि मुकी तिच्या पाठीमागे.

"तीन वर्षं झाली, अजून पहिलीतच आहे," सर म्हणाले. "हिच्या डोक्यात काही शिरत नाही. शहरात मंद मुलांची शाळा आहे, तिकडे पाठवू. राहायची सोयही तिथेच आहे."

आईला कळले नाही. सरांनी तेच मोठ्याने सांगितले. तरी कळले नाही, म्हणून आणखी मोठ्याने. न कळणाऱ्याला ओरडून सांगितले की कळते, असा या शाळेचा जुना समज आहे. शेवटी 'शहर' एवढा एक शब्द आईला कळला आणि ती आपल्या भाषेत घाईघाईने बोलू लागली. दाराशी उभ्या शिपाईमामाला शब्द न् शब्द कळत होता. तो खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. अरे, बोल ना! मी आतून ओरडत होते. पण कपाटाचे कोण ऐकतो?

"बदलीचा फॉर्म काढ," सरांनी मामाकडे किल्ली दिली.

मुलीला घालवायचा कागद माझ्याच खालच्या कप्प्यात, आणि तिला ठेवून घेतील अशी पुस्तके माझ्याच वरच्या कप्प्यात! संताप संताप झाला. मामाने कुलूप काढले, थाप मारली, ओढले. मी अडले. जन्मात पहिल्यांदा मी मुद्दाम, जीव खाऊन अडले. मामाने हिसका दिला. बिजागरी तुटली, दार लोंबकळले आणि चाळीसच्या चाळीस पुस्तके धडाधड खाली आली.

"अरे, कोपरे दुमडतील!" सर खुर्चीतून उठलेच.

एक पुस्तक मुकीच्या पायाशी उघडे पडले होते. चित्रात घराच्या छपरावर शेळी होती. मुकी खाली बसली, अक्षरावर बोट ठेवले आणि ओठ हलवले. थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी मोठ्याने. शेळी छपरावर चढली, आता उतरेना, असे तिथे लिहिले होते, तिच्या भाषेत. तिने आईकडे पाहिले. आई एवढ्या दुःखातही फिसकन हसली आणि काहीतरी म्हणाली. मुकीने पान उलटले.

"ही काय बडबडतेय?" सरांनी विचारले.

"वाचतेय, सर," शिपाईमामा म्हणाला.

"तुला रे काय ठाऊक?"

मामाने किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली. "माझीपण हीच भाषा आहे, सर. बरोबर वाचतेय ती. आई म्हणाली, आपली शेळीपण अशीच वेडी आहे. आणि मघाशी म्हणत होती, पोरीला माझ्यापासून तोडू नका. मला अक्षर येत नाही, तिला तरी येऊ द्या."

सर खुर्चीत बसले. मुकीने सगळे पुस्तक वाचून संपवले. फॉर्म सरांनी पुन्हा मागितला नाही.

आता सगळे छान झाले असे तुम्हाला वाटेल. छे! दुसऱ्याच दिवशी सरांनी नियम लावला. पुस्तके फक्त शनिवारी, अर्धा तास, हात धुऊन. जित्याची खोड! पण माझे दार आता मिटतच नाही. मुले कधीही येतात, पुस्तके घेऊन जातात, आणि तेव्हा शिपाईमामाला नेमके खिडकीबाहेर काहीतरी बघायचे असते. मुकी वर्गात बोलते. इतकी, की बाई तिला गप्प बस म्हणतात. एका पुस्तकावर तेलाचा डाग पडला आहे. शेळीचे पुस्तक आठ दिवस वस्तीत राहून आले आणि त्याचा एक कोपरा कोणीतरी खाल्ला आहे. कोणी, ते मी सांगायला नको.

सरांनी शाळेच्या वस्तूंच्या यादीत माझ्या नावापुढे 'नादुरुस्त' असे लिहून ठेवले आहे. सोमवारी वेल्डर येणार आहे, आणि नवे कुलूपही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मला या काळजीचा अगदी उबग आला आहे. तुमच्यापैकी कोणाचे वडील वेल्डर असतील, तर सोमवारी त्यांना काही केल्या घरातून निघू देऊ नका. आणि तुमच्या शाळेत माझा एखादा बंद भाऊ उभा असेल, तर त्याला आधी एक थाप मारा आणि मग जोरात ओढा.