बाळकाकांची नवी स्की

"एकशे अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर, वळणाची त्रिज्या तीस मीटर. त्याच्या खालचं काही दाखवूच नकोस," असं म्हणत बाळकाकांनी जुन्या स्कीची जोडी जगदीशच्या बाकावर ठेवली. "ही मेली आता. जीवच उरला नाही तिच्यात. गेल्या सीझनला शेवटच्या रेसमध्ये शेवटून दुसरा आलो."

"म्हणजे शेवटचे नाही ना आलात?"

"जो शेवटचा आला, त्याचा हात प्लास्टरमध्ये होता, जगू."

जगदीश हसला, पण काका हसले नाहीत.

न्यू लिन उपनगरातल्या घराच्या गॅरेजातच जगदीशचं वर्कशॉप होतं. लोक स्की आणून टाकायचे, तो कडांना धार लावून, तळाला मेण चढवून परत द्यायचा. सांगितलं तर नवी जोडीही मागवून द्यायचा. मूळचा हात भोसरीच्या टूलरूममधला, ग्राइंडरवरचा. देश सोडून इथे आल्यावर ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात चौदा वर्षं तेच केलं. कारखाना बंद पडला तेव्हा महिनाभर तो कुणाशी धड बोलला नव्हता. बाळकाकाच एका सकाळी स्की घेऊन दारात उभे राहिले. "पोलादाला धारच लावायची ना? मग याला लाव," म्हणाले.

तसं तर बर्फावर उभं राहायलाही त्यांनीच शिकवलं होतं. छत्तिसाव्या वर्षी, जीन्स घालून घसरणाऱ्या जगदीशला ते खालून ओरडून सांगत होते, "गुडघे वाकव रे! मुलगी बघायला आला नाहीयेस!" काका पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. पस्तीस वर्षं ते हौशी प्रौढांच्या जायंट स्लालम रेसमध्ये उतरत होते. उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या दारांमधून मोठमोठी वळणं घेत खाली यायचं. एक दार चुकलं की बाद. गट वयाप्रमाणे. यंदा काकांचा सत्तरच्या वरचा.

काका चहाला आत जगदीशच्या बायकोकडे, मुग्धाकडे गेले आणि जगदीशने जोडी उलटी केली. स्की मेलेली नव्हती. त्याने हाताने दाबून पाहिली, चांगली तटतटून उलट आली. खराब झाली होती ती वेगळीच जागा. पूर्वी काकांच्या स्कीची कड बरोबर पायाखाली झिजायची, वर्षानुवर्षं त्याच वीतभर जागेत. आता तिथली धार त्याने गेल्या वर्षी लावून दिली तशीच होती. शेपटाकडे मात्र आडवे ओरखडेच ओरखडे. काका स्कीला वाकवतच नव्हते. मागे रेलून, घसरत वळत होते. एवढी लांब, ताठ स्की वाकवायची तर मांड्यांत जोर लागतो, अंगात वजन लागतं. जगदीशने फडक्याने तळ पुसला आणि उगाच पुन्हा एकदा पुसला.

संध्याकाळी सुलेखाकाकूंचा फोन आला. "जगदीश, तू सरळ सांग ना, की त्या लांबवाल्या मिळत नाहीत म्हणून. स्टॉक संपला म्हण. परवा जिना उतरताना कठडा धरला यांनी. मी पाहिलं तर म्हणाले, घड्याळाचा पट्टा अडकला."

"काकू, मी नाही म्हटलं तर ते ऑनलाइन मागवतील."

"मग काय करणारेस?"

"खरं सांगेन."

"त्यांना?" काकूंनी एवढंच विचारलं.

त्याला सांगायला जमेना. दोन दिवस त्याने मनात वाक्यं जुळवली, ती सगळी डॉक्टरांसारखी वाटत होती. शेवटी त्याने डीलरकडून दोन जोड्या ट्रायलला मागवल्या. एक काकांना हवी तशी. दुसरी एकशे ब्याऐंशीची, तेवीस मीटर त्रिज्येची, जरा मऊ. हौशी रेसरांसाठीच बनवलेली.

"ही पोरांची आहे," काका म्हणाले.

"मग पोरांसारखी चालवून बघा. शनिवारी रुआपेहूच्या डोंगरावर क्लबचं ट्रेनिंग आहे. दोन्हींवर तीन-तीन रन. मी खाली घड्याळ घेऊन उभा राहतो. जी फास्ट, ती घ्यायची."

"स्वीट अ‍ॅज," काका म्हणाले. म्हणजे इथल्या बोलीत झकास. हरायचं मनात असलेला माणूस असं म्हणत नाही.

शनिवारी ऊन स्वच्छ होतं आणि बर्फ टणक. जगदीश शेवटच्या दाराशी उभा राहिला. काका आधी लांब जोडीवर आले. पहिली चार वळणं नेमकी झाली. तीच ती जुनी रेघ, सुरीने ओढल्यासारखी. पाचव्या दाराशी ते जरा उशिरा वळले, सहाव्याला आणखी उशिरा. मग स्की आडवी झाली, बर्फाचा फवारा उडाला. पुढची सगळी दारं ते जपून-जपून उतरले. त्रेचाळीस पॉइंट सहा. पुढचे दोन रन तसेच, थोडे वाईट.

मऊ जोडीवर ते कुरकुरत वर गेले आणि एकेचाळीस पॉइंट दोनमध्ये खाली आले. एकाही दाराशी वळण मोठं झालं नाही.

काका त्याच्यापाशी येऊन थांबले. दम लागला होता, गॉगल कपाळावर चढवला. "किती?"

घड्याळ जगदीशच्या मुठीत होतं. त्याच्याखेरीज तो आकडा कुणालाच कळणार नव्हता. अर्धा सेकंद इकडे, अर्धा तिकडे केला असता तर काकांची लांब जोडी हरली तरी अब्रूने हरली असती. पण हा माणूस जगदीशच्या पहिल्या रेसनंतर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "भिकार होतं, उद्या पुन्हा ये." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच घ्यायला आला होता.

"दोन पॉइंट चार सेकंदांचा फरक आहे काका," तो म्हणाला. "लांब जोडी मागे."

काका उताराकडे बघत राहिले. वर क्लबची माणसं दारं नीट करत होती.

"ती मऊवाली," ते म्हणाले, "नुसतं कलंडलं की वळते. मला काही करावंच लागत नाही."

"चांगलंच आहे की."

"चांगलं कुठलं रे. इतकी वर्षं मी स्कीला वाकवत होतो. आता ती मला सांभाळून घेतेय."

जगदीशने थर्मॉसचं झाकण उघडून चहा पुढे केला. काकांनी दोन्ही हातमोज्यांत कप धरला आणि सावकाश प्यायले.

"तुला आधीच माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही आत चहा पीत होतात तेव्हापासून."

"मग तिथेच सांगायचं ना, गाढवा. एवढं पेट्रोल जाळलंस." पण त्यांनी रिकामा कप परत देताना जगदीशच्या दंडावर थाप मारली, आणि हात जरा वेळ तिथेच राहू दिला. मग गॉगल खाली ओढला. "तीन रन म्हणाला होतास. दोन बाकी आहेत. चल, घड्याळ लाव."

पुढच्या बुधवारी ते नव्या मऊ जोडीला बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारा खटका, लावून घ्यायला आले. पडलं की बूट किती जोराला सुटावा, ते वय, वजन, उंची आणि बुटाच्या लांबीवर ठरतं. जगदीशने नवं कार्ड काढलं. वय एकाहत्तर, काकांनी न विचारताच सांगितलं.

"वजन?"

"अठ्ठ्याहत्तर. लिहिलेलं असेल जुन्या कार्डावर."

जगदीशने पेन टेकवलं नाही. कोपऱ्यात भिंतीशी वजनकाटा होता. त्याने तिकडे पाहिलंही नाही, पण काकांनी पाहिलं.

त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं. खिशातून किल्ल्या काढल्या, फोन काढला, पाकीट काढलं, सगळं बाकावर ओळीने मांडलं. बूट काढले. मोज्यांनिशी काट्यावर चढले आणि झेंड्याला सलाम करताना राहावं तसे ताठ उभे राहिले. आकडे थोडे हलले, मग स्थिरावले. वाकून त्यांनी स्वतःच वाचले.

"एकोणसत्तर पॉइंट चार."

जगदीशने एकोणसत्तर लिहिलं.

"पॉइंट चारपण लिही," बाळकाका म्हणाले.