पाचव्या दिवसाचं ऊन

नागपुरात मे महिन्यात घरातला ज्याचा-त्याचा मान कूलरपासूनच्या अंतरावर ठरतो. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या लहानूजींच्या घरात पहिला मान त्यांच्या बायकोच्या, अंजनाबाईंच्या खाटेला होता. दुसरा चहाच्या एकोणतीस कागदी कपांना. लहानूजी स्वतः दाराशी बसत, जिथे कूलरचा फक्त आवाज येई.

कपांत वांग्याची रोपं होती. अंजनाबाईंच्या माहेरचं भरताचं वांगं. त्याचं बी धरणारं आता माहेरीही कुणी उरलं नव्हतं. सगळे पाकिटातलं आणत. दोन वर्षांपूर्वी अंजनाबाईंच्या फुप्फुसांनी काम सोडायला सुरुवात केली, तेव्हापासून परसात काही लागलं नव्हतं. औषधाच्या बाटलीत राहिलेलं शेवटचं बी एप्रिलअखेर पेरलं. बाहेर जमीन तापलेली, म्हणून घरातच. पाऊस येईस्तो रोपं तयार व्हावीत. बाटली रिकामी झालेली दोघांनी पाहिली.

"नाई उगवलं तं?" लहानूजींनी विचारलं.

"तं माह्या मांगं कळमन्याच्या बजारातलं वांगं खाजा. पानचट."

उगवलं. मग लहानूजींनी लाड सुरू केले. पडदा ओढून, कूलरच्या गारव्यात, दिवसातून तीनदा पाणी. दहा दिवसांत रोपं लांबली आणि माना टाकू लागली.

"हे रोपं होय का शेवया?" अंजनाबाई म्हणाल्या. एवढ्या वाक्यासाठी त्यांना दोनदा थांबावं लागलं. "पानी कमी करा. पडदा सारा. सकाळ-संध्याकाळ त्याइच्या डोक्यावरून हात फिरवा, जरासा दाबून. वारा सुटला असं वाटते त्याइले. मंग बूड धरते."

"आन मोडले तं?"

"मोडनारं मोडते जी. तुमाले एवढी माया कवापासून फुटली? मले तं चाळीस वर्सांत दिसली नाई."

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापाचे नऊ दिवस, लागेपर्यंत रोपं जाड बुडाची झाली. आता उन्हाची सवय लावायची होती. अंजनाबाईंनी सांगितलं: सात दिवस. पहिल्या दिवशी सकाळी सहापासून एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असं सात तासांपर्यंत. "एकदम उन्हात ठेवले तं एका दुपारीत कोळसा." लहानूजींनी वेळापत्रक लिहून कूलरवर चिकटवलं. पस्तीस वर्षं शिफ्टमध्ये काढलेल्या माणसाला कागदावर लिहिलेलं प्रेम बरोबर जमतं.

चार दिवस रोपं वेळेवर बाहेर गेली, वेळेवर आत आली. पाचव्या दिवशी पहाटे अंजनाबाई गेल्या. कूलर चालूच होता.

आपल्याकडे माणूस गेलं की सगळ्यात आधी फर्निचर हलतं. शेजारच्या कुसुमताईंनी अर्ध्या तासात हॉल रिकामा केला. खाट, टीव्ही, कप, सगळं अंगणात. अंजनाबाईंना खाली पांढऱ्या चादरीवर ठेवलं, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या. मुलगा संघपाल आणि सून प्रीती पुण्याहून यायची होती, तोवर थांबायचं होतं. लहानूजींना भिंतीला टेकवून बसवलं. समोर दार उघडं होतं, दारातून अंगणातली फरशी दिसत होती, आणि फरशीवर कप.

अकरा वाजता ते उठले.

"कुठी चालले भाऊजी?"

"रोपं आत घ्याचे हायेत."

कुसुमताईंनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि बायांकडे वळून म्हणाल्या, "डोक्यावर परिनाम झाला वं."

बाराला ते पुन्हा म्हणाले, "कुसुमताई, वांगे..."

"सयपाक आज आमच्या घरून हाय भाऊजी. तुमी टेंशन नोका घेऊ."

बायको समोर पडलेली असताना नवरा वांग्यांसाठी धावला, हे वाक्य कॉलनीत किती वर्षं चाललं असतं, याचा लहानूजींनी अंदाज घेतला. मग ते बसून राहिले. आता त्यांना कुणी धरून ठेवलं होतं असं नाही. सगळे बघत होते, एवढंच. एकच्या सुमारास शेंडे झुकले. दोनला पानं कागदासारखी झाली. संघपाल विमानतळावरून आला तो "काय ऊन आहे" म्हणतच. बाप अंगणाकडे बघून रडतोय हे पाहून सगळ्यांना हायसं वाटलं. मोकळे झाले म्हणाले.

अंजनाबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात वांग्याची भाजी होती. लहानूजींनी फोड बोटानं उकलून पाहिली. बी कोवळं, पांढरं. अंजनाबाई बी धरत ते झाडावर पिवळ्या पडलेल्या वांग्यातलं. त्यांनी भाजी खाल्ली. पाणचट होती.

कपांची गोष्ट लहानूजींनी प्रीतीला सांगितली, तिच्याकडून ती कुसुमताईंना कळली. दुसऱ्या दिवशी त्या नर्सरीतून रोपांचा ट्रे घेऊन आल्या.

"माह्यानं चूक झाली भाऊजी. हे घ्या. हायब्रीड हायेत, गोट्यावर लावले तरी जगते. शेवटी वांगं म्हंजे वांगंच ना?"

"हो," लहानूजी म्हणाले.

पुढच्या सकाळी सहाला त्यांनी ट्रे अंगणात ठेवला आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. रोपांच्या डोक्यावरून हात फिरवला, जरासा दाबून. अकराला ट्रे उचलून कूलरपुढे ठेवला, जिथे खाट होती तिथे.

"बाबा, आत काहून आनून राहिले?" प्रीतीनं विचारलं. "नर्सरीतले हायेत ते. उन्हातच वाढले."

"आज पाचवा दिवस हाय," लहानूजी म्हणाले आणि कूलरवरच्या कागदावर खूण केली. "उद्या सहा घंटे."