सातव्या रकान्यातलं शून्य

चुन्याच्या डबीच्या झाकणाची एक कड तीन मिलिमीटर वितळलेली आहे. वितळलेला थेंब कडेवरच गोठलाय, मोहरीपेक्षा थोडा लहान. डबी अॅल्युमिनियमची आहे, बाबांच्या खिशात सापडलेली. अॅल्युमिनियम सहाशे साठ अंशांना वितळतं. दारू प्यायलेला माणूस गंजीवरून पडला, तर त्याच्या खिशात एवढी उष्णता तयार होत नाही.

माझ्या बाबांच्या मृत्यूच्या पंचनाम्यात मात्र तेच लिहिलंय: संघपाल दारूच्या नशेत सोयाबीनच्या गंजीवरून पडून मेला. लिहिणारे बबनराव तेव्हा गावचे पोलीस पाटील होते. गंजीही त्यांचीच. खाली माझ्या आईचा, भागिरथाचा, अंगठा आहे. तिला मजकूर वाचून दाखवला नव्हता. बाबा दारूला शिवत नसत, तरी अठरा वर्षं आई गावात बेवड्याची बायको म्हणून ओळखली गेली आणि बबनरावांच्याच वावरात सोयाबीन सोंगायला, कापणीला, जात राहिली. तक्रार करू म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "यंदाचं सोयाबीन निंगू दे, मंग पाहू."

यंदा जिल्ह्यातल्या काही गावांत वीज अटकाव यंत्रं बसवायची होती. आधी कुठं, हे ठरवायचा तक्ता करण्याचं काम मी नोकरी करते त्या वाशीमच्या संस्थेकडे आलं. तक्त्यात सात रकाने होते. उघड्यावर राबणारी माणसं किती, पत्र्याची घरं किती, दवाखाना किती लांब, असे सहा. सातवा, वीज पडून झालेले मृत्यू. त्याचं वजन सगळ्यांत जास्त. किन्हीराजाजवळच्या आमच्या गावाला सातव्यात शून्य मिळालं. एकूण गुण शंभरपैकी एकसष्ट. यादीत यायला पासष्ट लागत. सातव्यात एक मृत्यू धरला, तर अडुसष्ट होत होते.

नियमात वाट होती. जुनी नोंद चुकीची असेल, तर तिच्यावर सही किंवा अंगठा असलेल्या माणसानं ग्रामसभेत साक्ष द्यायची. बाकी सगळ्या गावांना मी हे फोन करून सांगितलं. आमच्या गावाला सांगितलं नाही. आमच्या वस्तीतली चाळीस पत्र्याची घरं त्याच शून्याखाली होती, आईचंही. ते माहीत असून मी गप्प बसले. मला बबनराव माझ्या टेबलासमोर यायला हवे होते.

जूनमध्ये त्यांच्या गोठ्यावर वीज पडली. दोन बैल जागीच गेले. नात निकिता दहा पावलांवर होती. सप्टेंबरात ते आले.

"सपने, पोरी, आपल्याच गावचं नाव काहून नाही यादीत?"

"सातव्यात शून्य आहे, काका. आपल्या गावात विजेनं कुणी मेलेलं नाही. तुम्हीच लिहिलंय."

मग मी त्यांना नियम सांगितला. सावकाश, दोनदा.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीवर भरली. बबनरावांचा मुलगा विकास आता सरपंच आहे. आई बायांमध्ये मागे बसली होती. मी तक्ता वाचला, सातव्याशी थांबले. बबनराव उठले.

"संघपाल वीज पडून मेला. नोंद चुकली व्हती."

"मागं ऐकू गेलं नाही, काका."

"वीज पडून मेला," ते मोठ्यानं म्हणाले.

"प्यायले होते?"

"नाई."

"मग नोंद चुकीची का लिहिली?"

त्यांनी विकासकडे पाहिलं. मी तोवरची साक्ष वहीत लिहून घेतली, शब्दाला शब्द.

"विजा चमकत असताना ते गंजीवर कशाला चढले होते?"

"ताडपत्री टाकाले."

"कुणी चढवलं?"

विकास मध्ये पडला. "सपनाताई, तुमच्या तक्त्यात हा रकाना हाय काय?"

"नाही."

"मंग कायले इचारून राह्यल्या? यंत्राचं झालं नं?"

"झालं. गाव यादीत आलं."

"मंग मिटलं," तो म्हणाला. कुणीतरी चहा सांगितला. माणसं मोकळी झाल्यासारखी हलली. हिशेबानं मीही थांबायला हवं होतं. अडुसष्ट झाले होते. मी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली, बबनरावांच्या समोर. त्यांनी ती ओळखली. तोंड फिरवलं.

"म्यानंच चढवलं," ते टेबलाच्या कडेला धरून म्हणाले. "तो नाई म्हणत व्हता. वल्लं व्हईल म्हणून म्या चढवलं."

विकास खाली बसला.

मागं बांगड्या वाजल्या. आई उठली होती. वाट करून ती पुढं आली, डबी उचलून पदरात घेतली. बबनराव हात जोडू लागले.

"भागिरथा, माफ कर. आता तं सांगतलं ना म्या."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"त्या कागदावर अंगठा माहा हाय," ती म्हणाली. "याच्या वावरातलं सोयाबीन उभंच राहू दे. उद्या वाशीमले चाल. तक्रार मी देतो, माह्या नावानं."