दोघांची होडी आणि पिवळी सवत

मी दोघांची होडी बोलतेय. कयाक म्हणतात मला, पण तुम्ही होडीच म्हणा. रंग निळा, बांधा लांबलचक, बूड ओरखड्यांनी भरलेलं. बोलायला लागण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हिने पोटात ठेवलं. मी जात्याच मत्सरी आहे.

आता माझ्या जागी राहून बघा म्हणजे कळेल. आमचं शहर समुद्राच्या मांडीवर बसलेलं. सुट्टीच्या दिवशी निम्मं गाव पाण्यात आणि उरलेलं निम्मं काठावर त्यांची पादत्राणं सांभाळत. धक्क्याशेजारच्या शेडमध्ये मी राहते, तिथून सगळं दिसतं. सर्फबोर्डवाले लाटेवर उभे राहतात आणि पडले तरी लोक टाळ्या वाजवतात. शिडाच्या होड्या वाऱ्यावर अशा कलतात की चित्रकार कागद घेऊन बसतात. तोंडात नळी धरून मासे बघणारे पाण्याखाली, दोर बांधून कडे चढणारे डोंगरावर, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही ते पॅडलबोर्डवर उभे राहून फोटो काढून घेतात. माझा फोटो कुणी काढत नाही. मी दोन माणसांना नेते आणि परत आणते. भरवशाची, असं म्हणतात माझ्याबद्दल. भरवशाच्या बाईला कधी कुणी गजरा आणल्याचं ऐकलंय का तुम्ही?

माझा जन्म भट्टीतला. निळ्या प्लास्टिकची भुकटी लोखंडी साच्यात भरली, साचा भट्टीत गोल गोल फिरवला, आणि थंड झाल्यावर उघडला तेव्हा आत मी होते. अंगात एकही सांधा नाही, याचा मला फार तोरा होता. पुढे एक बसायची जागा, मागे एक. मागच्याच्या पायांशी दोन पायटे, पायट्यांना तारा, आणि तारांच्या टोकाला माझ्या शेपटाशी सुकाणू. उजवा पायटा दाबला की मी उजवीकडे वळते, डावा दाबला की डावीकडे. एवढं लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं एका नवरा-बायकोने. त्याचं बाजारात चष्म्याचं दुकान. धक्क्यावर त्याला सगळे चेष्टेने कप्तान म्हणत आणि तो ते मनापासून खरं मानत असे. तिची बेकरी, दुकानाला लागूनच. पहाटे उठून मैदा मळून मळून तिचे दंड असे झाले होते की शेडवाले काका म्हणायचे, बाईंशी भांडण नको, त्यांच्याकडे उधार मागितलेलं बरं. मीही तिला बाईच म्हणते.

पहिल्याच दिवशी कप्तानाने जागा वाटून टाकल्या. ती पुढे, तो मागे. मागे बसणाऱ्याला सगळं दिसतं, असं त्याने सांगितलं. दोघांच्या होडीचा नियम असा की पुढच्याने वल्ह्याची लय धरायची, मागच्याने ती सांभाळायची आणि होडी वळवायची. यातली गोम अशी की पुढच्याला मागचं काहीच दिसत नाही. मागचा वल्हं मारतोय की आभाळ बघतोय हे पुढच्याने विश्वासावर घ्यायचं असतं.

ते मला मात्र कळायचं. खाडीचं तोंड सुटेपर्यंत कप्तान लय सांभाळायचा. मग वल्हं मांडीवर आडवं, गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना, आणि तोंडाची टकळी चालू. तो बगळा बघ, ती बोट बघ, त्या कड्यावर बघ कसा लोंबकळतोय. बाई मान हलवायची आणि एकटी दोघांचं पाणी कापायची.

तेही चाललं असतं. पण मी उजवीकडे सरकायचे. दर खेपेला, न चुकता. नाक दीपगृहाच्या बेटाकडे धरून निघावं आणि थोड्या वेळाने बघावं तर समोर उजवीकडचे खडक. मग मागून हुकूम यायचा, "अगं, डावा हात आवर."

बाई डावखुरी. डाव्या हाताने जास्त जोर लागला की होडी उजवीकडे जाते, हे शास्त्राला धरूनच होतं. आणि डाव्या हाताबद्दल लहानपणापासून तिने इतकं ऐकलं होतं की आणखी एक ऐकायला तिला जड गेलं नाही. "चुकलं हो," म्हणायची आणि डावा हात आखडून घ्यायची. बिचारीचा उजवा खांदा रात्री ठणकायचा. मी सरळ काही यायचे नाही.

तरी ते दिवस माझे होते. बेटाच्या वाळूवर मला ओढून ती दोघं थर्मासमधला चहा प्यायची, बेकरीतले उरलेले पाव खायची. उठताना बाई माझ्या कडेवर तळव्याने दोनदा थापटायची, लेकराला थोपटावं तसं. त्या थापटीसाठी मी खडकसुद्धा सोसले असते. कप्तानाने मला पुसलं, धुतलं, झाकलं, सगळं केलं. पण जीव माझा पुढच्या जागेवर जडला.

मग ती आली. पिवळी.

दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीने आईच्या वाढदिवसाला पाठवली. एकटीची होडी. अंगाने शेलाटी, वजनाला फूल, पाठीला सुकाणूसुद्धा नाही. शेडमध्ये सगळ्यांनी तिच्याभोवती गर्दी केली. कप्तान हसून म्हणाला, "हिला एकटीला दिली तर गोल गोल फिरत बसेल." लोकही हसले. मीही मनात हसले. म्हटलं, फिरू दे.

बुधवारी बेकरी बंद असते. त्या बुधवारी बाई पिवळीत बसली, दोन्ही हातांनी वल्हं धरलं, डावा हात आखडला नाही कारण मागून सांगणारं कुणी नव्हतं, आणि गेली. धक्क्यापासून पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत. पिवळीच्या मागे पाण्यावर उठलेली रेघ मी शेडमधून बघत होते. आखल्यासारखी सरळ होती.

परत आली ती धापा टाकत. केसांतून पाणी गळतंय, तोंडावर मीठ वाळलंय. कप्तान काठावर उभा होता. त्याला म्हणाली, "सरळ गेले की हो मी."

तो म्हणाला, "वारा नव्हता आज."

त्या दिवसापासून माझे वाईट दिवस सुरू झाले. बाईचा बुधवार पिवळीचा झाला, मग रविवारही. दोघांच्या होडीला दोघं लागतात, आणि कप्तानाला आपल्या मागच्या जागेवरून उठून दुसऱ्या कशात बसायचं नव्हतं. मला पट्ट्यांनी छताला उलटं टांगलं. खाली, अगदी माझ्या नाकासमोर, पिवळी. ती रोज समुद्राचा वास लावून यायची. तिच्या बुडावर पहिला ओरखडा उमटला तेव्हा मी जळून खाक झाले. ओरखडे हे होडीचे दागिने असतात आणि तिला ते माझ्या माणसाने घातले होते. माझ्या पुढच्या जागेत एका कोळ्याने जाळं विणलं. बायका नवऱ्यावरून सवतीमत्सर करतात, मी एका बाईवरून केला. हिला भोक पडो, असं रोज संध्याकाळी म्हणत होते. पडलं नाही. मेलीच्याही अंगात सांधा नव्हता.

माझ्याखेरीज आणखी एकजण जळत होता. कप्तान दुपारी दुकान नोकरावर टाकून यायचा, शेडच्या दारात उभा राहून दुर्बिणीतून पिवळा ठिपका शोधायचा आणि काकांना सांगायचा, बघा, वल्हं चुकीचं धरते. काका म्हणायचे, पण पोचते बरोबर. तो पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावायचा.

शेवटी एकदा त्याने तिच्यासमोर विषय काढला. निळी नुसती धूळ खातेय, विकून टाकू. ती नाही म्हणेल अशी त्याची खात्री असावी. माझी तर होतीच. बाई पिवळीच्या आतलं पाणी स्पंजाने टिपत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटतं ते करा."

आता शब्द फिरवायचा कसा? त्याने तासवाल्याला निरोप धाडला. तासवाला म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना तासाच्या बोलीवर होड्या देणारा. त्याच्याकडच्या होड्या मला माहीत आहेत. रोज नवी माणसं, कुणी पायातल्या बुटांसह चढतं, कुणी खडकावर आपटून तशीच सोडून जातं. तिथे कुणी थापटत नाही. गुरुवारी सकाळी तो मला न्यायला येणार होता.

बुधवारी दुपारी, बाई पिवळी घेऊन गेल्यावर, कप्तान आला. काकांना म्हणाला, एकदा शेवटचं फिरवून आणतो. दोघांनी मला उतरवलं. एकटा माणूस मागे बसला की माझं नाक वर उचलतं, म्हणून काकांनी पुढच्या जागेत पाण्याने भरलेला कॅन ठेवला. बाईच्या जागेवर कॅन. कोळ्याचं जाळं बरं होतं म्हणायची पाळी आली.

खाडीच्या तोंडापर्यंत ठीक गेलं. पुढे जमिनीवरून वारा सुटला आणि मी नेहमीसारखी उजवीकडे सरकू लागले. कप्तान घामाघूम झाला होता. इतक्या वर्षांत इतकं पाणी त्याने कधी कापलंच नव्हतं. खडक जवळ यायला लागले. त्याने मान वर केली आणि सवयीने ओरडला, "अगं, डावा हात—"

पुढे पाण्याचा कॅन बसला होता. कॅनला डावा हात नसतो.

कप्तानाचं वल्हं थांबलं. वाऱ्याने मी वाहत चालले होते आणि तो खाली वाकून आपल्या पायांकडे बघत होता. उजव्या पावलाने उजवा पायटा दाबून धरला होता. दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं जुनं मशीन उजव्या पायाने चालायचं, ते चालवण्यात त्याचं तारुण्य गेलेलं. मशीन केव्हाच भंगारात गेलं, पाय मात्र अजून काचा घासत होता. त्याने पाय उचलला. मी सरळ झाले.

सरळ झाले खरी, पण वारा जोराचा होता आणि त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. मी बेटाच्या बाजूला वाहत निघाले. तेवढ्यात पलीकडून पिवळी आली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा मला आधी राग आला की किती डौलात येते ही. बाईने ती माझ्या कडेला लावली आणि तळहाताने माझी कड धरली. तीच जागा, जिथे ती थापटायची.

दोघांनी कसंबसं बेटाची वाळू गाठली. कप्तान माझ्यातून उतरला नाही. बसल्या बसल्याच म्हणाला, "हात तुझा नव्हता. पाय माझा होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या बुधवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

बाई वल्ह्यावरचं पाणी झटकत म्हणाली, "बोलले की. सरळ गेले म्हणाले ना तुम्हाला. तुम्ही वाऱ्याचं काढलंत."

दुसऱ्यांची नजर तपासण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस बराच वेळ आपली दुर्बीण पुसत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "खांदा दुखायचा ना तुझा?"

"दुखायचा," ती म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही. नंतर कॅन उचलून त्यातलं पाणी वाळूत ओतलं, रिकामा कॅन पिवळीत टाकला आणि माझ्या मागच्या जागेवर जाऊन बसली. "चला, पुढे बसा."

एव्हाना वारा पडला होता. तो पुढे बसला. पिवळीला दोरी बांधून माझ्या शेपटाला अडकवली. सवतीला दोरीने ओढत घरी आणायचं भाग्य किती जणींना लाभतं? मी धन्य झाले. दोन्ही पायट्यांवर बाईची पावलं हलकी पडली होती. दीपगृह पाठीशी, धक्का नाकासमोर, मधे कुठे वाकडं नाही. कप्तान जीव तोडून वल्हं मारत होता. मागचं त्याला काही दिसत नव्हतं. अर्ध्या वाटेवर त्याने भीत भीत विचारलं, "मारतेस ना गं वल्हं?"

बाईने वल्हं मांडीवर आडवं ठेवून बराच वेळ झाला होता. पाव खात ती कड्यावर चढणारी माणसं बघत होती. "हो तर," म्हणाली. मी कशाला बोलू?

धक्क्यावर काकांनी आठवण केली की सकाळी तासवाला यायचाय. बाईने मला पाण्यातून ओढलं, दोनदा थापटलं आणि म्हणाली, "त्याला सांगा, हिला गिऱ्हाईक मिळालं."

याला आता काही वर्षं झाली. माझा निळा रंग उन्हाने पांढुरका पडलाय, मागची गादी फाटलीय, सुकाणूच्या तारा एकदा बदलून झाल्या. रविवार माझा असतो. कधी बाई मागे, कधी कप्तान; पण कप्तान मागे बसला की निघण्याआधी वाकून आपले पाय बघून घेतो. तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. दोघांच्या होडीत कधी मागे बसलात आणि होडी वाकडी जाऊ लागली, तर पुढच्याला हाक मारण्याआधी एकदा खाली बघा.

बुधवार मात्र अजून पिवळीचाच. बाईने तो सोडला नाही आणि कप्तानाने मागितलाही नाही. तो सुधारला, धक्क्यावर उभा राहून हात हलवतो. मी नाही सुधारले. आज बुधवारच आहे. शेडच्या दारातून मला दिसतंय, बाईने पिवळी पाण्यात ढकलली, बसली, निघाली. मागे पाण्यावर रेघ उठलीय.

बघा, मेली जाते कशी सरळ.